मार्गांची राखण : इंटरनेट पुरवठादाराकडील स्वयंचलित गाळणी

दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय असलेले हुबळी जंक्शन महाराष्ट्रातील प्रवाशांना सुपरिचित आहे. मिरज-बेळगावकडून लोंढा व धारवाड मार्गे आलेल्या गाडीला येथून पुढे वाटा फुटतात. एक वाट गदगमार्गे सोलापूर अथवा बळ्ळारीकडे जाते, तर दुसरी दावणगेरेमार्गे बंगळूरकडे. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यावयाची हे पूर्वी सांधेवाला खटका ओढून ठरवीत असे, आणि त्याच्या हातून चूक झाली तर शेकडो जिवांवर बेतत असे. म्हणूनच सांधा नीट बसल्याखेरीज सिग्नल मिळूच नये अशी बांधणी रेल्वेने केली. २०२३ च्या मार्च महिन्यात हुबळी येथे १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या लांबीचे सर्वांना कौतुक वाटले. परंतु त्या फलाटावर गाड्या निर्धोकपणे येतात, त्यामागे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने परस्परांशी बांधलेले सांधे व सिग्नल आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

याच जोडशहरात, डोळ्यांना न दिसणारी अशी आणखी एक जंक्शने आहेत. ती इंटरनेट पुरवठादारांच्या यंत्रकक्षात असतात. नवलगुंद किंवा कुंदगोळ तालुक्यातील ग्रामपंचायतीचा दाखला, धारवाडच्या विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज, हुबळीच्या व्यापाऱ्याचा बँकव्यवहार हे सारे बारीक तुकड्यांच्या रूपाने तेथून ये-जा करीत असते. या तुकड्यांना वाट दाखविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. राउटरला चुकीची वाट खरी वाटू नये, यासाठी जी दक्षता घेतली जाते तिला मार्गगाळणी असे म्हणता येईल. ही गाळणी हाताने न करता संगणक-आज्ञावलींच्या साहाय्याने कशी केली जाते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पत्ता आणि वाट

इंटरनेटवरील पत्त्यांची रचना समजून घेण्यास टपालखात्याचा पिनकोड उपयोगी पडतो. संस्कृतचे विद्वान व टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. तिच्यातील पहिला आकडा विभाग दाखवितो आणि पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा दाखवितात. धारवाडचा ५८०००१ आणि हुबळीचा ५८००२० हे दोन्ही क्रमांक ५८० ने सुरू होतात. त्यामुळे दिल्लीच्या कारकुनाला प्रत्येक गावाची माहिती असण्याची गरज पडत नाही. ५८० ची थैली कोणत्या गाडीत चढवावयाची एवढे त्याला ठाऊक असले म्हणजे पुरते.

इंटरनेटवरही असेच चालते. सर्वत्र रूढ असलेल्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधील चार संख्यांची मालिका होय. जवळजवळचे पत्ते एकत्र करून त्यांचे गट पाडलेले असतात. अशा एका पत्तागटात २५६, १,०२४ किंवा त्याहून कितीतरी अधिक पत्ते असू शकतात. ज्या संस्थेचे जाळे स्वतंत्रपणे चालते तिला स्वायत्त जाळ्याचा क्रमांक मिळतो. आशिया-प्रशांत विभागात हे वाटप ॲपनिक ही संस्था करते. भारतात २०१२ पासून राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज म्हणजेच निक्सी या संस्थेच्या अधीन असलेली आयरिन ही निबंधक संस्था हे काम पाहते. निक्सीची स्थापना २००३ मध्ये झाली.

प्रत्येक जाळे आपल्या शेजारच्या जाळ्यांना सांगत असते, की अमुक पत्तागटापर्यंत माझ्याकडून जाता येईल. यास मार्गघोषणा म्हणतात. शेजारी ती पुढच्या शेजाऱ्यास सांगतो आणि अशा रीतीने ती जगभर पोहोचते. एकाच पत्त्यासाठी दोन घोषणा आल्या तर राउटर अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची घोषणा मानतो. ५८० ची थैली धारवाडला जाते हे खरे. परंतु ‘५८००२० ची थैली येथे द्यावी’ असा फलक कोणी भलत्याच स्थानकावर लावला, तर अधिक नेमका म्हणून तोच पाळला जाईल. मार्गगाळणीचा सारा प्रश्न या एका नियमातून उद्भवतो.

विश्वासावर उभी राहिलेली व्यवस्था

जाळ्याजाळ्यांमध्ये मार्गघोषणांची देवाणघेवाण ज्या नियमांनुसार होते त्यांस बीजीपी असे संक्षिप्त नाव आहे. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे भरलेल्या एका तांत्रिक बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोन अभियंत्यांनी भोजनाच्या वेळी हातपुसणीच्या कागदांवर त्याची रूपरेषा मांडली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या काळी जाळी थोडी होती आणि चालविणारी मंडळी एकमेकांना ओळखत असत. घोषणा करणाऱ्याला तसा अधिकार आहे काय, हे तपासण्याची तरतूद मूळ नियमांत करण्यात आली नाही. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि १९९८ मध्ये खाजगी पुरवठादारांना हे क्षेत्र खुले झाले. आज जगातील राउटरांच्या कोष्टकात चौथ्या आवृत्तीचेच नऊ लाखांहून अधिक मार्ग असतात. एवढ्या मोठ्या वस्तीत केवळ परस्परांच्या ओळखीवर कारभार चालणे शक्य नाही.

चुकीच्या घोषणेचे परिणाम

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने यूट्यूब हे संकेतस्थळ आपल्या देशापुरते बंद करण्यासाठी त्याच्या एका पत्तागटाची घोषणा आपल्या जाळ्यात केली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या गटाची होती आणि ही नवी घोषणा त्यातील २५६ पत्त्यांची, म्हणजे अधिक नेमकी होती. ती चुकून हाँगकाँग येथील वरच्या पुरवठादाराकडे गेली. त्याने ती न गाळता पुढे सोडली आणि जगभरची वाहतूक पाकिस्तानकडे वळली. हा प्रकार पूर्णपणे निस्तरण्यास सुमारे सव्वादोन तास लागले.

भारतातही अशा घटना घडल्या आहेत. १२ मार्च २०१५ रोजी हॅथवेच्या जाळ्याने गूगलकडून मिळालेले तीनशेहून अधिक मार्ग आपल्या वरच्या पुरवठादारास, म्हणजे एअरटेलला सांगितले आणि ते तेथून जगात पसरले. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० क्रमांकाच्या जाळ्यातून इतरांच्या मालकीच्या तीस हजारांहून अधिक पत्तागटांची घोषणा झाली. अशा घटना बहुधा यंत्ररचनेतील चुकीमुळे घडतात. मात्र सर्वच प्रसंग निर्हेतुक नसतात. २४ एप्रिल २०१८ रोजी चोरट्यांनी ॲमेझॉनच्या नामसेवेचे काही पत्तागट खोट्या घोषणेने आपल्याकडे वळविले आणि आभासी चलनाच्या एका सेवेच्या ग्राहकांना बनावट पानावर नेऊन सुमारे दीड लाख डॉलर किंमतीचे चलन लंपास केले. म्हणजेच, वाट चुकल्याने केवळ खोळंबा होतो असे नव्हे. पैसा व गुपितेही धोक्यात येतात.

लहान पुरवठादाराची जबाबदारी

आपण लहान आहोत, आपल्या चुकीने जगाचे काय बिघडणार, असा समज काही वेळा आढळतो. तो बरोबर नाही. हुबळीतील एखाद्या पुरवठादाराने एक तार बंगळूरमार्गे आणि दुसरी मुंबईमार्गे अशा दोन मोठ्या कंपन्यांकडून घेतली आहे असे समजू. एकीकडून ऐकलेले मार्ग त्याच्या राउटरने चुकून दुसरीला सांगितले, तर त्या दोन कंपन्यांमधील वाहतूक हुबळीच्या अरुंद तारेतून जाऊ पाहील. पुणे-बंगळूर महामार्गावरील अवजड वाहनांनी एका चुकीच्या फलकामुळे दुर्गदबैलच्या बाजारपेठेत शिरावे, तसाच हा प्रकार होय. बाहेरची वाहतूक तर तुंबतेच, शिवाय त्या पुरवठादारावर अवलंबून असलेल्या शाळा, दवाखाने व पंचायतीही बंद पडतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी असे झाले तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. नुकसान झालेल्या त्या विद्यार्थ्यास आपली वाट कोठे चुकली हे कधीच कळत नाही.

गाळणीत काय असावे?

पुरवठादाराने प्रत्येक शेजाऱ्याकडून येणारी व त्यास जाणारी घोषणा तपासून घ्यावी, हे गाळणीचे मूळ तत्त्व आहे. पुढील गोष्टी तिच्यात सर्वसाधारणपणे येतात.

पहिली गोष्ट, ग्राहकाकडून केवळ त्याच्या नावे नोंदलेले पत्तागट स्वीकारावेत. दुसरी, घरातील व कार्यालयातील अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते, उदाहरणार्थ १० ने अथवा १९२.१६८ ने सुरू होणारे, बाहेरून आल्यास नाकारावेत. तिसरी, २५६ पत्त्यांहून लहान गटाची घोषणा मान्य करू नये. चौथी, आपलेच पत्ते बाहेरच्याने सांगितल्यास ते फेटाळावेत. पाचवी, एखाद्या ग्राहकाच्या घोषणेत जगातील अतिविशाल जाळ्याचा क्रमांक मध्येच आढळला तर ती घोषणा संशयास्पद समजावी. सहावी, प्रत्येक शेजाऱ्याकडून किती मार्ग यावेत याची मर्यादा बांधावी आणि ती ओलांडली जाताच जोडणी आपोआप तोडावी. दहा मार्गांच्या ग्राहकाकडून अचानक तीस हजार मार्ग आले, तर कारण शोधण्यापूर्वी दार लावणे हेच शहाणपणाचे असते.

हाताने काम का पुरत नाही?

हे नियम समजण्यास सोपे असले तरी त्यांची अंमलबजावणी कष्टाची आहे. एका ग्राहकाचे दोनच पत्तागट असतील, तर दुसऱ्याच्या पाठीमागे त्याचे स्वतःचे पन्नास ग्राहक असतील. त्यातील कोणी आज नवा गट घेतो, कोणी उद्या जुना सोडतो. अभियंत्याने प्रत्येक बदल पत्राने अथवा दूरध्वनीने कळवून घ्यावा आणि राउटरवर हाताने लिहावा, असे म्हटले तर दोन गोष्टी संभवतात. एक तर आकडा लिहिताना चूक होते. नाहीतर कंटाळून गाळणी सैल सोडली जाते. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा असतो. काम बिनबोभाट चालू असल्याने अपघात होईपर्यंत तो कोणाच्या ध्यानात येत नाही. यावर उपाय म्हणून स्वयंचलित साधने अस्तित्वात आली.

नोंदवहीतून गाळणी

कोणते जाळे कोणते पत्तागट घोषित करते याच्या सार्वजनिक मार्गनोंदवह्या ठेवण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ आहे. राडब ही त्यांपैकी सुप्रसिद्ध नोंदवही होय. प्रादेशिक निबंधक संस्थाही अशा नोंदवह्या ठेवतात. ज्या जाळ्याखाली अनेक ग्राहक-जाळी असतात, ते त्यांची यादी एका नावाखाली नोंदवून ठेवते.

या नोंदी वाचून राउटरच्या भाषेत यादी लिहून देणारी बीजीपीक्यू-४ नावाची आज्ञावली आहे. तिला ग्राहकाच्या यादीचे नाव दिले, की ती त्या यादीतील जाळी, त्या जाळ्यांची उपजाळी आणि त्या सर्वांचे पत्तागट शोधून काढते, शक्य तेथे लगतचे गट एकत्र करते आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या राउटरांना समजेल अशा स्वरूपात गाळणी तयार करते. हाताने करावयास दिवसभर लागेल असे हे काम काही सेकंदांत होते. ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे लहान पुरवठादारालाही ती वापरता येते.

तथापि नोंदवहीची विश्वासार्हता सर्वत्र सारखी नसते. काही नोंदवह्यांत जुन्या, निरुपयोगी झालेल्या नोंदी तशाच पडून आहेत, तर काहींत मालकीचा पुरावा कसून न पाहता नोंद घेतली गेलेली आहे. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार वेळेवर न झाल्यास जे घडते, तेच येथेही घडते.

अधिकारपत्राची पडताळणी

हा दोष दूर करण्यासाठी सही-शिक्क्याची एक नवी व्यवस्था उभारण्यात आली असून तिचा आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आरपीकेआय या नावाने ती ओळखली जाते. पत्तागटाचा धारक निबंधक संस्थेमार्फत एक अधिकारपत्र तयार करतो. अमुक गटाची घोषणा अमुक क्रमांकाच्या जाळ्याने करावी आणि तो गट जास्तीत जास्त इतकाच बारीक विभागावा, असा त्यातील मजकूर असतो. त्यावर संगणकीय सही असल्याने तिऱ्हाइताला त्यात फेरफार करता येत नाही. आयरिनकडून पत्ते घेतलेल्या भारतीय संस्थांनाही अशी अधिकारपत्रे करता येतात.

पुरवठादाराकडील पडताळणी आज्ञावली जगातील सर्व अधिकारपत्रे ठराविक काळाने उतरवून घेते, त्यांच्या सह्या तपासते आणि निष्कर्ष राउटरला पुरविते. नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्ज या संस्थेची राउटिनेटर आणि ओपनबीएसडी प्रकल्पाची आरपीकेआय-क्लायंट या अशा आज्ञावली असून त्याही विनामूल्य आहेत. राउटर प्रत्येक घोषणेचे तीन प्रकार करतो. अधिकारपत्राशी जुळणारी ती वैध. अधिकारपत्र असूनही न जुळणारी ती अवैध. आणि जिच्याबाबत अधिकारपत्रच नाही ती अज्ञात. अवैध घोषणा नाकारावयाची आणि अज्ञात घोषणा इतर कसोट्या लावून स्वीकारावयाची, असा सर्वमान्य प्रघात आहे. २००८ मध्ये ही व्यवस्था प्रचलित असती, तर यूट्यूबच्या नावे झालेली ती घोषणा पहिल्याच दारात अवैध ठरली असती. मे २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या जागतिक मार्गांपैकी निम्म्याहून अधिक मार्गांना अधिकारपत्रांचे संरक्षण लाभले, ही समाधानाची गोष्ट आहे.

साधनांची प्रत्यक्ष जोडणी

वरील साधने सुटी सुटी वापरून पूर्ण लाभ होत नाही. त्यांची साखळी कशी बांधली जाते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. धारवाडच्या एका महाविद्यालयाने स्वतःचा पत्तागट मिळविला असून ते हुबळीच्या पुरवठादाराचे ग्राहक झाले आहे. पुरवठादाराने सर्व ग्राहकांची एक यादी ठेवलेली असते. तीत महाविद्यालयाच्या जाळ्याचा क्रमांक, नोंदवहीतील नाव आणि मार्गसंख्येची मर्यादा एवढ्याच गोष्टी लिहावयाच्या असतात.

रोज पहाटे एक आज्ञावली ही यादी वाचते आणि बीजीपीक्यू-४ कडून प्रत्येक ग्राहकाचे पत्तागट मागविते. आलेली माहिती एका ठरीव साच्यात बसवून राउटरसाठी मजकूर तयार होतो. तो कालच्या मजकुराशी ताडून पाहिला जातो आणि झालेला प्रत्येक बदल तारीखवार जतन होतो. या कामी गिट नावाची आज्ञावली वापरतात. कोणता बदल, केव्हा व कोणी केला, हे त्यामुळे वर्षांनंतरही सांगता येते. तपासणी झाल्यावर ॲन्सिबलसारख्या साधनाने तो मजकूर सर्व राउटरांवर एकाच पद्धतीने चढविला जातो. त्यानंतर मार्गांची संख्या पुन्हा मोजली जाते आणि ती अपेक्षेबाहेर गेल्यास आदला मजकूर परत आणला जातो.

या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे थांबण्याची जागा. समजा, एके दिवशी नोंदवहीच्या संगणकाशी संपर्कच झाला नाही आणि उत्तरादाखल कोरी यादी आली. आज्ञावलीने ती तशीच चढविली तर महाविद्यालयाचा एकमेव मार्ग नाकारला जाईल आणि सकाळी तेथील इंटरनेट बंद असेल. काही राउटर तर यादी अस्तित्वात नसल्यास सर्वच घोषणांना मोकळीक देतात. म्हणून कोरी यादी कधीही चढवू नये, आणि यादीत ठरविलेल्या प्रमाणाबाहेर वाढ अथवा घट दिसल्यास काम थांबवून अभियंत्यास बोलवावे, असे नियम साखळीतच घालावे लागतात. यंत्राच्या वेगाने चूकही पसरते, हे विसरून चालत नाही. नित्याचे काम यंत्राने करावे आणि अनित्य प्रसंगी निर्णय माणसाने घ्यावा, ही विभागणी हितावह ठरते.

साधनांच्या मर्यादा

अधिकारपत्र केवळ मार्गाचा आरंभ कोठे होतो हे सांगते. मधली वाट खरी आहे काय, हे सांगत नाही. २०१५ च्या घटनेत गूगलच्या मार्गांचा आरंभ योग्यच होता, चूक होती ती त्यांना भलत्या बाजूस पाठविण्याची. असे प्रकार रोखण्यासाठी ग्राहक, समकक्ष शेजारी व वरचा पुरवठादार हे नाते जोडणीच्या वेळीच दोन्ही राउटरांनी एकमेकांस सांगावे, अशी सुधारणा २०२२ मध्ये नियमांत करण्यात आली आहे. ती सर्वत्र रुजेपर्यंत बाहेर जाणाऱ्या घोषणांवर काटेकोर गाळणी ठेवणे अपरिहार्य आहे. तसेच अधिकारपत्र लिहिताना धारकाकडून चूक झाल्यास त्याचाच खरा मार्ग अवैध ठरतो. पुरवठादार बदलला आणि अधिकारपत्रावर जुनाच क्रमांक राहिला, तर दोष कोणाचा हे शोधण्यात वेळ जातो.

नागरिक व संस्थांनी काय करावे?

ज्या विद्यापीठांकडे, बँकांकडे किंवा शासकीय कार्यालयांकडे स्वतःचे पत्तागट आहेत, त्यांनी त्यांची अधिकारपत्रे करून घ्यावीत, नोंदवहीतील माहिती वर्षातून एकदा तरी तपासावी, आणि जबाबदार अधिकारी बदलून गेल्यास त्याच्या जागी नव्या अधिकाऱ्याची नोंद करावी. सेवेसाठी निविदा काढताना, पुरवठादार ग्राहकांच्या घोषणा गाळतो काय, अवैध मार्ग नाकारतो काय आणि बदलांची नोंद ठेवतो काय, हे तीन प्रश्न अटींमध्ये अवश्य घालावेत. २०१४ पासून मॅनर्स या नावाने चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पुरवठादार सहभागी आहे काय, हेही विचारता येईल. विज्ञानाच्या शिक्षकांना पिनकोडच्या उदाहरणाने हा विषय वरच्या वर्गांत सहज समजावून देता येण्याजोगा आहे.

१९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या धारवाड जिल्ह्याशी महाराष्ट्राचे नाते रेल्वेने, व्यापाराने आणि संगीताने जोडलेले आहे. आता त्यात या अदृश्य तारेची भर पडली आहे. मुंबईच्या यंत्रकक्षातील चूक हुबळीस भोवते आणि हुबळीतील चूक मुंबईस. सांधेवाल्याच्या हातातील खटका गेला, तरी सांधा नीट बसला आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र कायम राहिली आहे. ती प्रत्येक पुरवठादाराने आपल्या दाराशी पार पाडली, तर कुंदगोळच्या पंचायतीतून निघालेला दाखला बिनधोक मुक्कामी पोहोचेल.